आधी हात आपटायला शिका

वडील गेल्यावर दीड महिन्याने तिने त्यांचा ज्युदोचा वर्ग पुन्हा उघडला. गाद्यांना अजून तोच वास होता, घामाचा आणि जंतुनाशकाचा.

बाबा वर्गाआधी सगळ्यांची नखं बघायचे, कानांतलं-बोटांतलं काढून ठेवायला लावायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. सगळ्यात नव्या पोराने त्यांच्या हाताला पेच घालायचा. कोपर ताणलं गेलं की बाबा गादीवर दोनदा हात आपटायचे. म्हणजे, हरलो, सोड. "बघा, सर हरले, छत काही कोसळलं नाही!" तीस वर्षं तोच विनोद, आणि पोरं दर वेळी हसायची. मनगटं मुरगळली, एकदा कुणाचा दातही पडला. पण कोपर कुणाचं गेलं नाही.

सोमवारी तिला परगावी, ग्रंथालयातल्या नोकरीवर परतायचं होतं. त्याआधी वर्ग आतेभावाकडे सोपवायचा, नाहीतर कुलूप लावायचं.

"ते आडवं पडणं मात्र बंद हं," आतेभाऊ म्हणाला. "मामांना शोभायचं. मी पोरांपुढे हरलो तर मला कोण भीक घालेल?"

"बाबांना घालायचेच की."

"मामांची गोष्ट वेगळी."

"बरं, माझा पेच सोडवून दाखव."

"तू? पुस्तकांवरची धूळ झटकणारी?"

"मग घाबरतोस कशाला, दादा?"

तो हसत आडवा झाला. तिने हात धरला, पाय टाकले, हळूहळू ताण दिला. त्याचं हसू मावळलं, कान लाल झाले. मोकळ्या हाताची मूठ मात्र गादीवर तशीच आवळलेली. कोपर मोडायला आता सूतभर जागा उरली होती.

चौदाव्या वर्षी स्पर्धेत तिनेही अशीच मूठ आवळली होती. बाबांनीच ओरडून लढत थांबवली आणि आठवडाभर तिला गादीवर पाऊल ठेवू दिलं नाही. "हात न आपटणारा स्वतः सुटतो गं," ते म्हणाले होते. "मोडल्याचं ओझं समोरच्या पोरीने जन्मभर वाहायचं."

तिने पेच सोडला.

कोपर चोळत तो उठून बसला. "नाही हरलो ना?"

"नाही हरलास," ती म्हणाली. "म्हणून लहान मुलं तुला देणार नाही. मोठ्यांना शिकव."

"डोकं फिरलंय तुझं! मग लहानांना कोण शिकवणार?"

दारात मुलं चपला काढत होती, सर नसलेल्या खोलीत डोकावत होती. तिने ग्रंथालयात फोन लावला आणि रजा वाढवून मागितली.

"किती दिवस?" पलीकडून विचारलं.

"ठरलं नाही अजून," ती म्हणाली, आणि फोन कानाशी असतानाच पहिल्या मुलीला खुणेनेच म्हणाली, नखं दाखव.