अलजियाच्या पाटीच्या दोन बाजू

मित्रांनो, पाटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दगडाची काळी पाटी येत असेल. मी तशी नाही. मी अक्रोडाच्या लाकडाची, हातभर लांबीची, वर धरायला मूठ असलेली पाटी आहे. माझं गाव ऐन रुम्माना. ते अल्जीरियात, कसंतिना शहरापासून खेचराच्या एका दिवसाच्या वाटेवर आहे. माझं वय विचारू नका. फ्रेंच साहेब आमच्या डोक्यावर बसले होते तेव्हाचा माझा जन्म, एवढं पुरे.

एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने मशिदीमागच्या अक्रोडाची फांदी मोडली. ती हाज बूजीद यांनी तासली, घासली आणि तिच्यातून मी निघाले. हाज बूजीद म्हणजे मक्केची यात्रा करून आलेले आणि मशिदीच्या ओसरीवर पोरांना कुराण शिकवणारे म्हातारबुवा. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. हातात ऑलिव्हची छडी आणि तोंडात टोमणा, दोन्ही सदैव तयार असत.

माझा दिवस ठरलेला होता. सकाळी अंगाला पांढरी माती फासायची, उन्हात वाळायचं, मग मेंढीची लोकर जाळून केलेल्या शाईने, बोरूच्या लेखणीने पोर माझ्यावर धडा लिही. तो पाठ झाला की मला धुवायचं. ते धुणं साधं नसे. कुराणाचे शब्द ज्यात उतरले, ते पाणी कुणाच्या पायाखाली येता कामा नये. म्हणून ते अंजिराच्या मुळाशी ओतत. एखादं पोर फारच विसराळू असेल तर ते पाणी त्यालाच प्यायला देत, म्हणजे शब्द आत राहतात. अशी मी कितीतरी पोरांच्या पोटात जाऊन आले आहे. त्यातली निम्मी तरीही विसराळूच राहिली, हे सांगायला मला कसली लाज?

मग एका शरद ऋतूत सी लखदर आले. 'सी' म्हणजे तुमचं 'राव'. ट्युनिसला शिकून आलेला हा काटकुळा तरुण. तेलघाण्यामागची खोली भाड्याने घेऊन त्यांनी शाळा काढली. तिथे अरबी भाषा, हिशेब, इतिहास, भूगोल, सगळं शिकवायचं ठरलं. साहेबाच्या परवानगीशिवाय असं शिकवणं हा गुन्हा होता. बाजारगावच्या सरकारी शाळेत आमच्या पोरांना फ्रान्सच्या नद्या घडाघडा म्हणता येत, आणि गावाखालून वाहणाऱ्या नदीचं नाव कुठल्या पुस्तकात नव्हतं. साहेब म्हणे, तुमचा असा देश नव्हताच, आम्ही येऊन तो केला. आमच्यातले काही शिकलेलेही म्हणू लागले होते की मग आम्हाला फ्रेंचच करून टाका. सी लखदर यांना ते पटत नसे. ते घाण्यावर आलेल्या लोकांना सांगत, धर्म आपला, भाषा आपली, पायाखालची माती आपली, मग नाव दुसऱ्याचं कशाला मागायचं?

शाळेत पाट्या कमी पडल्या म्हणून ते हाज बूजीद यांच्याकडे आले. नदी, डोंगर आणि सुलतानांची नावं पाटीवर लिहिणार, हे ऐकून म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही पाटी अल्लाच्या शब्दासाठी आहे, सी लखदर. डोंगर दाखवायचे तर पोरांना दारात उभं करा. फुकट दिसतात."

"दारातून एकच डोंगर दिसतो, हाज. आणि पाटीला बाजू दोन आहेत. पुढची तुमची. मागची मला द्या."

म्हातारे हसले नाहीत, पण त्यांनी मला दिलं. अट एकच: दोन्ही बाजूंचं पाणी एकत्र करायचं नाही. पुढच्या बाजूचं पाणी अंजिराला आणि मागच्या बाजूचं फाटकाबाहेर. मला ते फार लागलं. माझ्याच पाठीला मी परकी झाले होते.

हाज बूजीद यांच्या घरात एक मुलगी होती, अलजिया. त्यांची नात, नऊ वर्षांची. आई नव्हती आणि बाप फ्रान्सच्या कारखान्यात राबत होता. ती शेळ्या राखता राखता ओसरीच्या भिंतीला कान लावून बसे. मुलगे अडखळले की बाहेरून पुढचा शब्द ऐकू येई. सी लखदर यांनी हट्ट धरला की ही मुलगी शाळेत हवी. आजोबा म्हणाले, मुलीला नमाजापुरतं आलं की झालं. बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी ठरलं की अलजियाने माझ्यावर लिहून कुराणाचा एक भाग पाठ करायचा, न चुकता म्हणून दाखवायचा आणि मुलग्यांसारखी गावफेरी करायची. चुकली तर शेळ्या आहेतच.

गावफेरी ही आमच्याकडची मोठी हौस. भाग पाठ झाला की पाटी रंगवतात. शाईने लिहिलेल्या धड्याभोवती केशर आणि अंड्याचा बलक कालवून वेलबुट्टी काढतात, आणि पोर ती छातीशी धरून दारोदार जातं. बायका पाटी डोळ्यांना लावतात आणि पदरात अंडी, साखर, खजूर घालतात. एकही घर वगळायचं नाही, हा नियम. वगळलं तर त्या घराला शाप दिल्यासारखं होतं.

अलजियाने पूर्ण भाग म्हटला. एक मात्रा चुकली नाही. आजोबांनी स्वतः माझी पुढची बाजू रंगवली. मागची बाजू सी लखदर यांनी काळ्या शाईने रंगवली. वर समुद्र, खाली वाळवंट, मध्ये आमचे डोंगर आणि नद्या, आणि खाली एक ओळ: हा आमचा देश, याला आधीपासून नाव आहे. इतकी सुंदर मी त्याआधी कधी दिसले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

निघताना सी लखदर म्हणाले, कारभाऱ्याचं घर टाळलेलं बरं. कारभारी म्हणजे फ्रेंचांनी गावावर नेमलेला आमचाच माणूस, लाल झगा आणि छातीवर बिल्ला असलेला. आजोबांनी ऐकलं नाही. घर वगळायचं नाही म्हणजे नाही. अलजियाला मात्र बजावलं की तिथे पुढचीच बाजू दाखव.

एकतीस घरं छान झाली. बत्तिसावं कारभाऱ्याचं. त्याची म्हातारी आई लाला जुहरा दारात आली; 'लाला' म्हणजे तुमचं 'बाई'. तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिने मला पुढून डोळ्यांना लावलं आणि मग जुन्या रीतीप्रमाणे उलटून मागूनही लावलं. रंगवलेल्या पाटीची दोन्हीकडून कृपा घ्यायची असते, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. म्हातारीच्या खांद्यामागे कारभारी उभा होता, आणि त्याला वाचता येत होतं. त्याची नजर खालच्या ओळीवरून फिरली. म्हातारीने चार अंडी दिली आणि अलजियाच्या गालावरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाण्याच्या वाटेवर घोडे दिसले. फ्रेंच अंमलदार, दोन शिपाई आणि त्यांच्यासोबत कारभारी. सी लखदर यांना खोलीतच धरलं. घोडे मशिदीकडे वळले तसे हाज बूजीद उठले आणि परातीत पाणी घेऊन मला धुवायला बसले. मला वाटलं, आता माझी मागची बाजू फाटकाबाहेर जाणार. पण त्यांनी परात बदलली नाही. आधी पुढची बाजू धुतली, मग त्याच पाण्यात मागची. कुराणाची वचनं, समुद्र, नद्या, डोंगर, सगळं एकत्र कालवलं गेलं. मग त्यांनी वाडगा भरला आणि अलजियाला म्हणाले, पी. ती कडवट काळी शाई आणि माती तिने डोळे मिटून घटाघटा प्यायली. परातीत जे उरलं ते आजोबा प्यायले. मी ओलीचिंब भिंतीला टेकून हे पाहत होते, आणि मित्रांनो, मला रडू येत होतं.

अंमलदार आत आला. त्याने कारभाऱ्याकरवी विचारलं की नकाशा कुठे आहे.

"पाटी ही बघा. कोरी आहे," आजोबा म्हणाले.

"परवा यावर होता. मी डोळ्यांनी पाहिला, हाज," कारभारी म्हणाला.

"परवा होता. आता पोरीच्या पोटात आहे. थोडा माझ्या. साहेबाला विचार, कुणाला धरून न्यायचं?"

कारभाऱ्याने ते वाक्य साहेबाला सांगितलं की नाही, मला कळलं नाही. तो थोडंसंच बोलला आणि अलजियाच्या काळ्या ओठांकडे बघत राहिला. पाटी पुरावा म्हणून हाती लागली असती तर सी लखदर यांना तुरुंग होता. ती कोरी निघाली, म्हणून बिनपरवाना शाळेपुरतं भागलं. खोलीला सरकारी टाळं लागलं आणि त्यांना दक्षिणेला, वाळवंटातल्या एका ठाण्यावर राहायला धाडलं.

त्यानंतर अलजियाने मला हात लावला नाही. तिला वाटे, शाळा आपणच बंद पाडली. ती पुन्हा शेळ्यांमागे जाऊ लागली, आणि भिंतीला कान लावायचंही सोडलं. माझ्यावर धूळ बसली. एका दुपारी आजोबा मला घेऊन तिच्याशेजारी गवतात जाऊन बसले.

"घर वगळू नको असं मी सांगितलं होतं. चूक असेल तर माझी आहे."

"मी पाटी घट्ट धरायला हवी होती."

"लाला जुहराच्या हातातून? ती कृपा मागत होती, बाळ. कारभाऱ्याचं घरही गावातलंच आहे. ते वगळून गाव करायचं असेल तर मला नको तसलं गाव." मग म्हातारे जरा चाचरले. "पोरांना मागची बाजू शिकवायची म्हणतो. पण मला ती येत नाही. तू प्यायलीस ना? मग काढ."

चाळीस वर्षं शिकवलेला माणूस नऊ वर्षांच्या नातीपुढे मांडी घालून शिकायला बसला. अलजियाने आधी समुद्र काढला. मग बराच वेळ लेखणी हवेतच राहिली. मग डोंगर आले, नद्या आल्या. त्या दिवसापासून मशिदीच्या ओसरीवर कुराणाच्या धड्यानंतर नकाशाचा धडा होऊ लागला. पाळतीला कुणी आलं की पाणी तयार असे, आणि प्यायला पोरंही.

चार वर्षांनी सी लखदर परत आले. खोकला लागला होता, केस पांढरे झाले होते. अलजिया दाराआड लपली. त्यांनी मला हातात घेतलं आणि उलटलं. नकाशा ताजा होता. फक्त ऐन रुम्माना एवढं मोठं काढलं होतं की कसंतिनाला जागाच उरली नव्हती.

"गाव फार मोठं झालंय," ते म्हणाले.

"पुसू?" दाराआडून आवाज आला.

"राहू दे. इथून तसंच दिसतं."

अलजिया बाहेर आली. त्या दिवशी ती त्यांच्यापुढे बसून रडली आणि रडता रडताच पुढचा धडा लिहून घेतला.

पुढचं तुम्ही पुस्तकात वाचाल. जगाचं मोठं युद्ध झालं, मग आमचं स्वातंत्र्याचं युद्ध झालं. आजोबा गेले, सी लखदर गेले, ऐन रुम्मानातली अकरा मुलं डोंगरातून परत आली नाहीत. एके दिवशी देश स्वतंत्र झाला आणि घाण्यामागच्या खोलीचं टाळं अलजियाने हातोडीने फोडलं. तिथे ती सव्वीस वर्षं शिक्षिका होती. मग वह्या आल्या, आणि मी कपाटात गेले.

हल्ली तिच्याकडे कुणी ना कुणी येतं. काही म्हणतात, हा देश धर्मातून उभा राहिला. काही म्हणतात, मातीतून. दोघेही जोरात भांडतात आणि दोघांनाही साक्षीला मी हवी असते. गेल्या वर्षी शहरातून एक अधिकारी आले. मला काचेच्या पेटीत भिंतीवर लावायचं म्हणत होते. भिंतीवर एकच बाजू दिसणार, म्हणून त्यांनी आदराने विचारलं, "बाई, हिची खरी बाजू कोणती?"

अलजियाबाई म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांनी मला मांडीवर घेतलं, एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून.

"ज्या बाजूवर पोर लिहीत असेल, ती," त्या म्हणाल्या, आणि मला दिलं नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरी वाडवडिलांची अशी एखादी वस्तू असेल तर तिला हार घालून भिंतीवर टांगू नका. खाली काढा, धुवा, वापरा. मी कडेला तडकले आहे, मूठ गुळगुळीत झाली आहे, पण अजून माती धरते. कित्येक वर्षांत माझ्यावर कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर लेखणी घेऊन या आणि तुमचं गाव काढा, हवं तेवढं मोठं.