इर्मेलीच्या सहा मात्रा

ताइस्तोने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा सोडली. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या बायकोचा, इर्मेलीचा आवाज भरून राहिला. ओळीचा शेवटचा शब्द आला तसा त्याने पायाने ठेका धरला. एक, दोन, तीन. तीनवर तिचा सूर तुटला आणि पाठोपाठ त्याच्याच गिटारची तान कुणी जिना धडधडत उतरावा तशी आली.

"तीन," तो स्वतःशीच म्हणाला आणि मांडीवरच्या गिटारवर तोच सूर लावला. बोटाने तार वर ढकलली. सूर चढला, थरथरला आणि बेसूर होऊन खाली आला.

सदुसष्टाव्या वर्षी माणूस तीनपर्यंत मोजायला शिकतोय, आता याला काय म्हणावं! गिटार त्याला कुणी शिकवली नव्हती. दिवसभर बोटींची इंजिनं दुरुस्त करायची आणि घरी येऊन रेकॉर्डच्या फिरत्या तबकडीवर बोट टेकवून तिचा वेग मारायचा, असे एकेक सूर त्याने ओरबाडून घेतले होते. बोटं अशी पळायची, की तळ्याकाठच्या नाचघरात जोड्या नाचता नाचता थांबून बघत. पण एकच सूर नुसता धरून ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. ते काम इर्मेलीचं. ती थांबली, की हा घुसायचा.

फेब्रुवारीत ती गेली. जूनमध्ये नाचघर उघडेल तेव्हा तिचं गाणं गिटारवर वाजवायचं, तिच्या जागी ताइस्तोनेच, असं उर्पोने सुचवलं. उर्पो म्हणजे त्यांच्या बँडमधला बास वाजवणारा, चाळीस वर्षांचा सोबती. त्याने वर बजावलंही होतं, की बोटं पळवू नकोस, पाय आपट आणि मोज. ताइस्तोने ते मनावर घेतलं. लोकांनी डोळे मिटले तर त्यांना ती ऐकू यावी, एवढंच त्याला हवं होतं. मग तिच्या गाण्यातलं न्यूनही तसंच यायला हवं. दम तिला कमीच होता. यावरून त्याने तिला जन्मभर चिडवलं. "आमच्या बाईंचं इंजिन इथेच बंद पडतं," असं तो माइकवरून सांगायचा. लोक हसायचे, तीही हसायची. त्यानेच सांगितलं म्हणून ती रोज सकाळी तळ्यात पोहायला जाऊ लागली. पंचवीस वर्षं पोहली, पण सूर काही तीन मात्रांच्या पुढे गेला नाही.

खातरजमा करायला त्याने खोक्यातली दुसरी कॅसेट काढली. तिच्यावर इर्मेलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हापालाहती. तार तुटली.' त्या गावातला कार्यक्रम त्याला आठवतही नव्हता. दुसऱ्या कडव्यात खरंच तार तुटल्याचा आवाज आला, त्याने हासडलेली शिवी ऐकू आली आणि गिटार बंद पडली. बास आणि ड्रम चालूच राहिले. ओळीचा शेवटचा शब्द आला आणि ताइस्तोचा पाय सवयीने हलू लागला. एक, दोन, तीन. चार. पाच. सहा.

पुढच्या ओळीलाही सहा. त्याच्या पुढच्या ओळीलाही. कुठे ओढाताण नाही, धाप नाही. भरली घागर अलगद खाली ठेवावी तसा ती सूर ठेवत होती.

टेप बंद करून तो सायकलवर बसला तो थेट उर्पोकडे गेला. उर्पो होडी उलटी घालून रंग देत बसला होता.

"ती सहा मात्रा धरायची," ताइस्तो म्हणाला.

उर्पोचा ब्रश थांबला. "धरायची."

"मग तीनवर का सोडायची?"

"चौथीवर तू यायचास."

ताइस्तोने सायकल गवतात आडवी टाकली.

"तुला ठाऊक होतं?"

"बँडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं? मी एकदा तुला सांगणारच होतो. तिनेच अडवलं. म्हणाली, त्याला कळलं तर तो गिटार खुंटीला टांगेल. वाजवताना त्याचा चेहरा कसा होतो बघितलायस ना, राहू दे त्याला."

"आणि ते पोहणं?"

"पोहायला आवडायचं तिला," उर्पो म्हणाला आणि त्याने ब्रश डब्यात बुडवला.

त्यानंतर उर्पोने कॉफी केली, वेलदोड्याचा पाव कापून दिला. ताइस्तोने कशालाच हात लावला नाही. घरी येऊन तो रडला, अगदी मोठ्याने रडला. ऐकायला कोणी नव्हतंच.

पुढचे दहा दिवस त्याने तो एकच सूर घोटला. तार ढकलायची, चढलेल्या सुरावर बोट घट्ट रोवायचं आणि मोजायचं. बोटाची साल निघाली, तिथे चिकटपट्टी लावून पुन्हा बसला. नवव्या दिवशी सूर सहा मात्रा उभा राहिला, जराही न लवता.

शनिवारी नाचघर भरलं. संध्याकाळचं ऊन तळ्यावरून आत येत होतं. तिचं गाणं सुरू झालं आणि कुणीही सांगितलं नसताना लोक गाऊ लागले. सगळ्यांना ते पाठ होतं, इतकी वर्षं तिच्या तोंडून ऐकलेलं. ताइस्तोचे डोळे भरून आले. ओळीचा शेवटचा शब्द आला. त्याने तार वर ढकलली आणि सूर धरला.

एक, दोन, तीन. तीनवर सगळे थांबले. तिने शिकवलं होतं तसंच, त्याच्या तानेसाठी जागा सोडून. सगळ्या माना वर झाल्या, नजरा त्याच्या बोटांकडे वळल्या.

"वाजव ना, ताइस्तो," पुढे उभी असलेली एक म्हातारी मायेने म्हणाली.

उरलेल्या तीन मात्रा त्याने एकट्याने धरल्या. पुढच्या ओळीलाही लोक तीनवरच थांबले.