बिनचुलीचे लाडू

विश्राम मुळशीच्या तलावाकाठच्या एका रिसॉर्टवर व्यवस्थापक म्हणून आला, तेव्हा त्याच्या बायकोने, हेमलताने, साताऱ्याच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची नोकरी सोडली आणि तीही तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. भांडी-फरशीला वरच्या वाडीतून सखू यायची. तिला अडीच वर्षांची एक मुलगी होती, सोनल, आणि आता दुसऱ्यांदा सहावा महिना लागला होता. वाडीची वाट उतरून आली तरी ती दारात चौकट धरून उभी राही. छाती भात्यासारखी वरखाली होई. एके दिवशी हेमलताने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. रक्त तपासून घेतलं तर हिमोग्लोबिन सहा निघालं.

"सरकारी नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्यात ना तुला?"

"दिल्यात की. छपराला खोचून ठेवल्यात."

"छपराला कशाला? पोटात जायला हव्यात त्या."

"मळमळतंय बाई. आन् वाडीत म्हंत्यात, त्या गोळ्यांनी पोर पोटात लई मोठं हुतं. मग निघत न्हाई."

सखूची थोरली बहीण आदल्या वर्षी बाळंतपणात रक्त जाऊन गेली होती. हेमलताने तिची आठवण करून दिली, आकडे सांगितले, रागावूनही पाहिलं. सखू प्रत्येक वेळी "व्हय बाई, घेते" म्हणे आणि गोळ्या छपरातच राहत.

रिसॉर्टच्या पाहुण्यांना चहाबरोबर द्यायला हेमलता तेव्हा खजुराचे लाडू करायची. बिया काढलेला खजूर, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, कोको पावडर आणि चमचाभर तूप, सगळं मिक्सरमधून काढायचं, हाताने वळायचं आणि सुक्या खोबऱ्यात घोळवायचं. भाजणं नाही, पाक नाही.

"चुलीबिगर लाडू?" सखू पहिल्यांदा पाहून हसली होती. "तुमचं बरं हाय बाई, धूर न्हाई का काय न्हाई. पर दिसत्यात कसं, बकरीच्या लेंड्यागत!"

"खाऊन तर बघ."

तिने खाल्ला. बोटंही चाटली. "लेंड्या ग्वाड हायेत," म्हणाली.

त्याच संध्याकाळी हेमलताने औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणल्या आणि खलबत्त्यात एकेक वेगळी कुटली. एका लाडवात बरोबर एकच गोळी जावी म्हणून प्रत्येक गोळीची भुकटी वेगळी भरली. गंजासारखा वास कोकोत बुडून गेला. सखूला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सखूने तोंड फिरवलं असतं, याची तिला खात्री होती.

रोज एक लाडू सखू तिच्यासमोर ओट्याला टेकून खायची. महिन्याने रक्त साडेसातवर आलं. चौकट धरणं थांबलं. हेमलताने तो कागद दोनदा पाहिला आणि खूप दिवसांनी तिला आपण काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

ऑगस्टात तिच्या वडिलांना साताऱ्यात दवाखान्यात ठेवलं. आठ दिवस तरी जावं लागणार होतं. तिने आठ लाडू केले आणि डबा सखूच्या हातात दिला. "दिवसाला एक. तूच खायचास. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

"न्हाई देत," सखू म्हणाली.

हेमलता परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सखू आली. डबा राखेने घासून लख्ख केलेला होता.

"आज काम न्हाई व्हायाचं बाई. सोनल आजारी हाय. काल दुपारपासनं वकत हुती. काळं काळं, मधी रगत बी. खालच्या डाक्टरकडं नेली सांजच्याला. म्हनला, पावसाळ्यात समद्यांस्नीच हुतंय. सुई दिली. आता गप निजलीया. बरी हाय."

हेमलताचा हात डब्यावरच राहिला. "लाडू खाल्लेस ना तू?"

सखू खाली बघून ओशाळं हसली. "खोटं कशाला सांगू? एक म्या खाल्ला, एक ह्यांस्नी दिला. मग वाटलं, पोरीनं कवा चाकलेट बघितलं न्हाई, तिला सनाला दिऊ. म्हनून ठेवलं हुतं. काल म्या पान्याला गेले, तर तिनं डबाच काढला खाली. सा खाल्लं एकटीनं! आले तर तोंड ही असं काळं."

सहा. हेमलताच्या डोक्यात गुणाकार आपोआप झाला. एका गोळीत शंभर मिलिग्रॅम लोह. सहाशे. पोर नऊ किलोची असेल नसेल.

"मीठ-साखरेचं पाणी पाज," ती म्हणाली. आपला आवाज तिला नेहमीसारखाच ऐकू आला. "निजू दे तिला."

सखू गेली. हेमलता ओट्याशी उभी राहिली आणि सहाशेचा आकडा खाली आणू लागली. उलट्या झाल्या, म्हणजे निम्मं तरी पडून गेलं. कोकोने लोह अंगात कमी शोषलं जातं. कुटताना थोडी भुकटी खलात राहते. शिवाय पोर निजली आहे, बरी आहे, सखूच म्हणाली. प्रत्येक वजाबाकीला आधार होता आणि शेवटी उरलेला आकडा तिला सोसवेल एवढा होता. तिने कुकर लावला. वडिलांच्या औषधांची यादी लिहून काढली.

साडेदहाला तिने पलंगाखालची ट्रंक ओढली आणि विषशास्त्राचं जुनं पुस्तक बाहेर काढलं. लोहाचं पान तिला ठाऊक होतं. तिथे सरळ लिहिलं होतं की पहिल्या उलट्यांनंतर रोगी काही तास शांत होतो, सुधारल्यासारखा दिसतो, आणि या काळात उपचार झाले नाहीत तर यकृत जातं.

ती ऑफिसात धावत गेली. विश्रामने ऐकलं, दार लावून घेतलं आणि जीपची किल्ली उचलली.

"एक ऐक," तो हळू म्हणाला. "तिच्याकडे नर्सच्या गोळ्या आहेत ना? पोरीने त्याच खाल्ल्या म्हणायचं. औषध तेच द्यावं लागणार. तुझं नाव कशाला यायला हवं?"

"छपरातल्या गोळ्या मोजल्या की कळेल."

"कोण मोजतंय, हेमा!"

जीप वाडीखाली थांबली. हेमलता चिखलातून वर चढली. सोनल गोधडीवर पडली होती, ओठ कोरडे, हाक मारली तर डोळे अर्धेच उघडत होते. देवू, सखूचा नवरा, दारात जाळं नीट करत बसला होता.

"हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला हवं," हेमलता म्हणाली. "लाडवात औषध होतं."

"कसलं औषद?" सखूने विचारलं.

"त्याच गोळ्या. तुझ्यासाठी."

सखू पोरीला उचलून वाट उतरू लागली. देवू जाळं टाकून मागे धावला.

पुण्याच्या इस्पितळात पोचायला एक वाजला. विश्रामने पुढे होऊन सांगितलं, पोरीने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. तरुण डॉक्टरने पापण्या उचलल्या, पोट दाबलं आणि तो सखूवर खेकसला, "लहान पोर घरात, आणि गोळ्या हाताशी ठेवता? अक्कल नाही?"

विश्रामने हेमलताचा दंड धरला.

"तिचा दोष नाही," हेमलता म्हणाली. "गोळ्या मी खाऊत घातल्या. तिला न सांगता. सहा, प्रत्येकी शंभर मिलिग्रॅम. काल बाराच्या सुमारास."

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. "पंचवीस तास," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

लोह बांधून बाहेर काढणारं औषध मिळालं, शिरेतून सुरूही झालं. संध्याकाळपर्यंत सोनलचे डोळे पिवळे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सखू भिंतीला पाठ लावून बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून. देवू कागदांवर अंगठे उठवायला गेला होता. हेमलता तिच्यापासून चार हातांवर जमिनीवरच बसली.

"बाई," सखू म्हणाली. आवाज कोरडा होता. "काल म्या डबा घिऊन आले. सा खाल्लं म्हनून सांगितलं. तवा तुमास्नी ठावं हुतं?"

विश्राम जिन्यापाशी उभा होता. त्याने तिकडूनच मान हलवली, नको म्हणून.

नंतर कळलं, पुस्तक बघितल्यावर कळलं, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं.

"होय," हेमलता म्हणाली. "ठाऊक होतं."

"आट वाजता?"

"आठ वाजता."

"मग मला मीठ-साखरंचं पानी सांगून माघारी का धाडलं?"

ओट्याशी उभं राहून केलेल्या सगळ्या वजाबाक्या हेमलताला एकामागून एक आठवल्या. त्यातली एकही तिला मोठ्याने म्हणता येईना.

सखू भिंतीचा आधार घेत, धापा टाकत उठली आणि देवूला सांगायला गेली.