बाजूच्या सीटवरून

ज्यांना सगळी गल्ली कवळीवाले म्हणायची, त्यांचं पोट दातांवर चालायचं आणि जीव गाडीवर होता. आठवडाभर ते प्रयोगशाळेत बसून लोकांच्या जबड्यांच्या साच्यांवर कवळ्या घडवायचे. एखादी दाढ केसभर उंच झाली तर तासभर घासून ती जागेवर आणायचे. रविवार उजाडला की तीच हत्यारं कापडात गुंडाळून गाडीपाशी. दात तपासायचा छोटा गोल आरसा त्यांनी इंजिनाच्या मागच्या अंगाला डोकवायला ठेवला होता, आणि स्पार्क प्लगच्या खाचेतली काजळी ते अशा हलक्या हातानं खरवडायचे, की गाडीनं आत्ता 'आ' केलं असावं असं बघणाऱ्याला वाटावं.

गाडी फिकट राखाडी, चोवीस वर्षांची. त्यांच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. त्यानंतर वीस वर्षांत तिच्या चालकाच्या सीटवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. गॅरेजवाल्यालाही ते चावी देत नसत, स्वतःच गाडी आत नेऊन उभी करत. गाडी जरा वेगळी कण्हली की त्यांचे कान टवकारायचे. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जाणार हे त्यांनी एकदा दोन महिने आधी ओळखलं होतं, आणि ते गेलं तेव्हा त्यांना दुःखापेक्षा समाधानच जास्त झालं होतं.

त्यांची बायको प्रसूतिगृहात परिचारिका होती. वॉर्डात तिला सिस्टर म्हणत, म्हणून गल्लीतही सिस्टरच झाली. लग्नाआधी सिस्टर एका आडगावच्या दवाखान्यात होत्या आणि तिथली जीप त्याच चालवायच्या. अडलेल्या बाईला मागे झोपवून खडकाळ रस्त्यानं आणायच्या. कवळीवाल्यांना हे ठाऊक होतं, पण बायको माहेरी असताना गाणं शिकत होती हे जसं ठाऊक असतं, तसं. परवान्याचं नूतनीकरण सिस्टर न चुकता करून घेत. कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग एका सकाळी कवळीवाले माळ्यावरून गाडीचं जुनं टपाचं कॅरियर काढायला स्टुलावर चढले. स्टूल एकीकडे गेलं, ते दुसरीकडे. उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, की रोज नुसती चालू करून ठेवली तर चालेल ना. डॉक्टर सिस्टरांकडे बघू लागले.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. मोतीबिंदूची तारीख मिळाली होती. ताई एकट्याच राहायच्या, घाटापलीकडच्या गावात. इथून पाच तासांची वाट. सिस्टरांनी रजा टाकली, पिशवी भरली आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून गाडीची चावी काढली.

 बसनं जाऊ, कवळीवाले म्हणाले. बस दोनदा बदलावी लागते, आणि ऑपरेशन झालेल्या ताईंना परत घरी आणायला काय खांद्यावर घ्यायचं का, असं सिस्टरांनी विचारलं.  ते चावीकडे बघत म्हणाले, "अगं, पण तिला तुझी सवय नाही."

"मलाही तिची नाही," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही दोघी बघून घेऊ. तुम्ही मध्ये पडू नका."

सकाळी सातला निघाले. कवळीवाले बाजूच्या सीटवर, प्लास्टरचा हात मांडीवरच्या उशीवर. सिस्टरांनी सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला फिरवले, आणि पहिल्याच वळणावर दुसरा गिअर टाकताना असा काही करकरला की कवळीवाल्यांनी डोळे मिटून घेतले. एखाद्याच्या दातांवरून कानस फिरावी तसं त्यांना वाटलं. पुढच्या दोन चौकांत ते उजव्या पायानं पायाखालची चटई दाबत राहिले. सिस्टरांनी समोरची नजर न काढता सांगितलं, की त्या बाजूला ब्रेक नाही.

शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि सिस्टरांचा हात बसत गेला. तासाभरानं गिअर कधी बदलला हे कळेनासं झालं. कवळीवाल्यांचे खांदे थोडे खाली आले. आणि मग त्यांच्या लक्षात येऊ लागलं की ही गाडी त्यांच्या ओळखीची नाही.

त्यांच्या डाव्या गुडघ्याला गार वारा लागत होता. काच पूर्ण वर होती, तरी दाराच्या खालच्या कोपऱ्यातून सुरीसारखा एक झोत येत होता. पुढचा कप्पा बारीक आवाजात सारखा खुळखुळत होता. तो आवाज उजवीकडे बसून कधीच ऐकू आला नव्हता. उन्हासाठीची काचेवरची झडप खाली ओढली तर ती जागेवर राहीना, डोळ्यांवरच येऊ लागली. नीट पाहिलं तेव्हा झडपेच्या बिजागरीत केसांची पिन अडकवलेली दिसली. ती विशिष्ट कोनात फिरवली की झडप थांबायची.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी एकदा वळून पिनेकडे बघितलं. झडप गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षीच ढिली झाली, म्हणाल्या. वारा त्याच्याही आधीपासूनचा. हिवाळ्यात त्या गुडघ्यावर शाल घ्यायच्या, ते त्यांना आठवत असेल. कवळीवाल्यांना शाल आठवत होती. बायकोला थंडी जास्त वाजते, असा त्यांचा वीस वर्षं समज होता.

"बोलली का नाहीस?"

"बोलले होते एकदा. तुम्ही तेव्हा ऐकत होतात." सिस्टर थोडं हसल्या. "इंजिनाचं."

 ज्या माणसाला दोन महिने आधी बेअरिंग ऐकू येतं, त्याला हातभर अंतरावरचा गुडघा ऐकू आला नाही, हे कवळीवाल्यांना चांगलंच लागलं. त्यांनी चांगल्या हातानं दाराचं रबर चाचपून पाहिलं. खालच्या कोपऱ्यात ते लाकडासारखं वाळून आखडलं होतं.

घाट सुरू व्हायच्या अलीकडे एक पेट्रोल पंप लागला. तिथून तेल भरून निघताना सिस्टरांनी क्लच दाबला आणि पाय सरळ खाली जाऊन टेकला. 'टक्' असा आवाज झाला, गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली.

"क्लचची वायर तुटली," कवळीवाले लगेच म्हणाले. गिअर बदलताना इंजिन चाकांपासून सोडवणारी ती वायर. गेल्या वर्षीच बदलायची ते म्हणत होते, पण दिसायला ठणठणीत होती म्हणून राहिली. पंपावर वायर नव्हती. जवळचं गॅरेज मागे दीड तासावर, किंवा पुढे घाट उतरून ताईंच्या गावात. गाडी ओढायला मागवायची तर संध्याकाळ होणार, आणि ताईंना दुपारी चारला भरती व्हायचं होतं.

कवळीवाल्यांना क्लचशिवाय गाडी चालवता येत होती. तरुणपणी दोनदा केलंही होतं. पण त्याला दोन्ही हात लागतात. ते प्लास्टरकडे बघत पंपाच्या कठड्यावर बसले. सिस्टर समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की कसं करायचं ते सांगा.

त्यांनी सांगितलं. गाडी बंद असतानाच पहिला गिअर टाकायचा आणि चावी फिरवायची, ती उडी मारून चालू होईल. वेग आला की पाय उचलायचा, गिअर मोकळा करायचा, आणि इंजिनाचा आवाज खाली येईपर्यंत थांबायचं. इंजिन आणि चाकं एका लयीत आली की दुसरा गिअर आपोआप आत जातो. आत जात नसेल तर अजून वेळ झालेली नाही असं समजायचं. खालचा गिअर हवा असेल तेव्हा मधे थोडी रेस द्यायची.

"आणि मुख्य म्हणजे जोर लावायचा नाही," ते म्हणाले. "वेळ येईपर्यंत नुसतं ऐकायचं."

सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी दुसरं काय करतेय?"

पंपावरच्या माणसांनी वाट मोकळी केली. गाडी बेडकासारखी दोन उड्या मारून सुरू झाली आणि रस्त्याला लागली. दुसऱ्या गिअरसाठी सिस्टरांनी दांडा मोकळा केला आणि मान किंचित तिरकी केली. कवळीवाल्यांनी तोंड उघडलं, मिटलं. गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. वीस वर्षांत त्यांच्या हातूनही तो इतका सुरेख कधी पडला नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

घाट दुसऱ्या गिअरमध्येच चढायचा असं ठरलं. फक्त थांबायचं नाही, कारण चढावर पुन्हा सुरू होणं अवघड. अर्ध्या घाटात समोर रस्त्याचं काम निघालं. एकच बाजू चालू, आणि वळणावर लाल झेंडा धरलेला कामगार. पलीकडून अजून कुणी येताना दिसत नव्हतं, पण झेंडा लालच. सिस्टरांनी वेग इतका कमी केला की गाडी धापा टाकू लागली. कवळीवाल्यांनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि प्लास्टरचा पांढराशुभ्र हात जोरजोरात हलवू लागले.

कामगारानं हात पाहिला, स्टेअरिंगवरच्या बाईंचा गंभीर चेहरा पाहिला, आणि पेशंट घाईचा आहे असं समजून लाल झेंडा काखेत मारून हिरवा वर केला. जाताजाता त्यानं कवळीवाल्यांना धीरही दिला, की सगळं ठीक होईल. त्यांनी कण्हल्यासारखं करून मान हलवली. वळण पार झाल्यावर सिस्टरांना असं हसू फुटलं की डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मग कवळीवाल्यांनीच रुमालानं त्यांचे डोळे टिपले.

साडेतीनला गाडी ताईंच्या दारात लागली. सिस्टरांनी गिअर मोकळा केला, ब्रेक दाबला, चावी फिरवली.  ताई पायरीवर पिशवी घेऊन तयारच होत्या. त्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं, आणि मोतीबिंदू नसता तरी कळलं नसतं. रुग्णालयात मात्र सिस्टरांनी त्यांना रिक्षानं नेलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मेकॅनिकनं नवी वायर घातली. घाट कुणी चढवला, असं त्यानं विचारलं. कवळीवाल्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांची छाती अशी फुगली की मेकॅनिकला वाटलं, बहुतेक यांनीच गाडी शिकवली असणार. त्यांनी त्याचा गैरसमज दूर केला. मग त्याच्याकडून दाराच्या रबराची पट्टी घेऊन ते ताईंच्या अंगणात बसले आणि एका हातानं, दातांत पट्टी धरून, अख्खी दुपार डाव्या दाराला रबर बसवत राहिले. झडपेचा स्क्रूही आवळला. कप्प्याच्या कडेला जुन्या मोज्याचा तुकडा चिकटवला. ताईंनी डोळ्यावर पट्टी असतानाच विचारलं, की हा माणूस सुट्टीतसुद्धा गाडीच करतोय का. सिस्टर म्हणाल्या, नाही, या वेळी माझं काम करतायत.

पाच दिवसांनी परत निघाले. घाट उतरल्यावर डाव्या हाताला झाडांमागे एक तळं चमकलं. कवळीवाल्यांनी विचारलं, की हे नवीन केलंय का. या रस्त्यानं ते वीसेक वेळा गेले होते. सिस्टरांनी गाडी कडेला घेतली. दोघं काठावरच्या दगडावर बसून थर्मासमधला चहा प्यायले. पाण्यात काळ्या पक्ष्यांची एक लांब रांग होती. त्यातला एक बुडायचा आणि भलत्याच ठिकाणी वर यायचा. तो कुठे निघेल यावर त्यांनी पैज लावली आणि सिस्टर चारदा जिंकल्या. मी हे दर वेळी बघते आणि सांगायचं राहून जातं, असं त्या म्हणाल्या.

प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक आणि पांढुरका झाला होता. कवळीवाले पहिल्याच संध्याकाळी गाडी घेऊन शहराच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. सगळं जिथल्या तिथे होतं. पाय, हात, कान, सगळं ओळखीचं. फार बरं वाटलं. पण गाडी लावून वर आल्यावर त्यांनी चावी खिळ्याला अडकवली नाही, टेबलावर सिस्टरांच्या डब्याशेजारी ठेवली. सोमवारपासून सिस्टरांची सकाळपाळी होती आणि प्रसूतिगृह दोन बस लांब. प्रयोगशाळा तर चालत वीस मिनिटांवर. इतकी वर्षं आपण वीस मिनिटांसाठी गाडी काढत होतो, असं ते जरा घुटमळतच म्हणाले.

"नक्की?" सिस्टरांनी विचारलं.

"रविवारी मला लागेल," ते म्हणाले. "धुवायला."

पहिले दोन दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कवळीचा एक साचा त्यांनी उलटा धरला. बुधवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाशी रस्ता ओलांडायला थांबले असताना मागून ओळखीचा आवाज आला. राखाडी गाडी वळणावरून आली आणि त्यांच्या समोरून निघून गेली. सिस्टर समोर बघत होत्या, त्यांना हे दिसले नाहीत. एवढ्या वर्षांत आपली गाडी रस्त्यानं जाताना कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सकाळच्या उन्हात ती चांगलीच दिसत होती. वयाच्या मानानं तर फारच.

तिसरा गिअर पडला. बरोबर वेळेवर. ते तिथेच उभे राहून ऐकत होते, आणि दुकानदारानं दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला जरा थांबायला सांगितलं.