पुंजाकाकांची अपुरी साक्ष

हर्षालीने दवाखान्याची पिशवी पलंगावर उपडी केली. टॉवेल, चादर, स्टीलचा पेला, रिपोर्टची फाईल. लग्नाहून परत आल्यासारखी ती एकेक वस्तू जागच्या जागी ठेवू लागली.

"गुरुवारचं ऑपरेशन नको म्हणताहेत हे," ती म्हणाली. "संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून सांगायचंय. तुमच्यासारखंच करायचं ठरवलंय, काका."

पुंजाकाकांच्या कपातला चहा बशीत सांडला.

शरणपूरच्या त्या वस्तीत पुंजाकाकांच्या थापा सगळ्यांना पाठ होत्या. सातपूरच्या कारखान्यात असताना त्यांनी म्हणे लेथवर इतकी बारीक सुई कातली होती, की साहेबांना ती सापडावी म्हणून तिच्या नाकात दुसरी सुई ओवून ठेवावी लागली. गंगापूर धरणातला एक मासा तर त्यांना नावानिशी ओळखायचा. लोक ऐकायचे, हसायचे आणि एका अक्षरावरही विश्वास ठेवायचे नाहीत. विश्वास बसला तो एकदाच, आणि तोही चर्चमध्ये.

गेल्या वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला ते गेले, तेव्हा खरं तेच सांगायचं असं घरून ठरवून गेले होते. पोटात गाठ निघाली होती. मालेगावला भाच्याकडे राहून त्यांनी ती काढून घेतली होती, आणि इथे कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पण त्यांच्या आधी मंडळीतला फकिरा उठला. सुरगाण्याच्या घाटात उलटलेल्या जीपमधून आपण साधं खरचटल्याशिवाय कसे बाहेर आलो, ते सांगून तो खाली बसला तेव्हा बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते. त्यानंतर नुसतं ऑपरेशन सांगायचं म्हणजे बिर्याणीवर पेज वाढण्यासारखं. काकांनी पदरचं काहीच घातलं नाही. कसलेला थापाड्या घालत नाही, गाळतो. त्यांनी फक्त चाकू गाळला. गाठ होती. प्रार्थना केली. गाठ गेली. सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली, आणि त्या आमेननंतर काकांना मागे फिरता आलं नाही. तेव्हापासून ऐन मे महिन्यातही त्यांनी चारचौघांत कधी शर्ट काढला नव्हता.

पलंगावर तिचा नवरा योगेश उशीला टेकून बसला होता. अजून चाळिशीही गाठली नव्हती त्याने, पण पोटातल्या गाठीने दोन महिन्यांत गळ्याची हाडं वर आणली होती.

"सलाम, काका. मी चाळीस दिवस प्रार्थनेचे धरलेत. तुम्ही किती दिवस केली होती प्रार्थना?"

"डॉक्टर काय म्हणाला?"

"थांबू नका म्हणाला. महिनासुद्धा नाही. पण तुमचा डॉक्टरही तेच म्हणाला असेल की!"

काकांनी कप खाली ठेवला.

"योगेश, माझं ऑपरेशन झालं होतं. मी खोटं बोललो."

योगेश हसायला लागला, पोट धरून, दुखत असूनही.

"ऐकलंस का गं? आता ऑपरेशनची थाप!"

"काका, आमचा विश्वास तपासायला आलात का?" हर्षाली म्हणाली. "चर्चच्या पाळकसाहेबांनी पाठवलं असेल."

"अगं, देवाशप्पथ सांगतो."

"त्या माशाच्या वेळीही देवाशप्पथच होती."

सत्तर वर्षांत पहिल्यांदा पुंजाकाकांकडे अस्सल माल होता, आणि तो कुणी घेत नव्हतं.

ते उठले. शर्टाची वरची गुंडी निघता निघेना. शेवटी त्यांनी शर्ट आणि बनियन एकदमच वर केलं. बेंबीपासून छातीपर्यंत, घाईत शिवलेल्या पोत्यासारखा व्रण होता.

हर्षालीने मान फिरवली. मग पुन्हा पाहिलं. हातातला पेला घेऊन ती पलंगाच्या कडेवर बसली.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने रोज तुमची गाठ आठवून गुडघे टेकलेत मी, काका."

शर्ट वर धरून काका तसेच उभे राहिले.

योगेशने हात पुढे केला. व्रणाच्या खालच्या टोकाला बोट लावलं आणि हळूहळू वर नेलं.

"मग प्रार्थना?"

"नाय झाली रे माझ्याच्यानं. टेबलावर घेतलं तेव्हा दात वाजत होते. लहानपणापासूनची पाठ प्रार्थना, पण दुसऱ्या ओळीपाशीच अडलो. तिथं मंगलाबाई म्हणून एक नर्स होती. आपल्यातली नव्हती. कपाळावर हात ठेवून म्हणाली, बाबा, राहिलेलं तुमचा देव म्हणून घेईल. मग मी झोपलो." ते थांबले. "एवढीच साक्ष आहे. लय लहान आहे."

"दुखलं?"

"लय."

"मला भुलीची भीती वाटते, काका," तो अगदी हळू म्हणाला. "विश्वासबिश्वास काही नाही. परत जागच आली नाही तर? हिला कसं सांगणार होतो?"

हर्षालीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने रिकामी पिशवी ओढून घेतली आणि पेला आत ठेवला. टॉवेलची घडी केली.

"गुरुवारी सातला यायचं, काका. त्यांना आत नेईपर्यंत थांबायचं. ह्यांचं अडलं तर पुढचं तुम्ही म्हणायचं."

"येतो."

"आणि रविवारी मंडळीसमोर हेच सांगायचं. जसं झालं तसं."

"सांगतो. फक्त पाळकसाहेबांना सांग, या वेळी मला फकिराच्या आधी उठवा."

ती हसली नाही. फाईल आत ठेवून तिने पिशवीची चेन ओढली.

काकांनी शर्ट खाली घ्यायला हात हलवला. योगेशचं बोट अजून व्रणावरच होतं. त्यांनी हात तसाच राहू दिला.