आवाज आला की पाणी ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटारसायकल आहे. जुनी म्हणजे किती? टाकीचा रंग गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंनी उडालाय. किलोमीटर दाखवणारा काटा सहा वर्षांपूर्वी एका आकड्यावर जो बसला तो बसलाच. आणि नंबराच्या पाटीवर कधी काळी नंबर होता, एवढंच आता सांगता येतं. पण इंजिन विचाराल तर एका किकमध्ये सुरू. दोन मारायला लागल्या तर मालकिणीचा पाय घसरला असं खुशाल समजा.

माझा जन्म वाळूजच्या कारखान्यातला, म्हणून तर तुमच्याशी तुमच्या बोलीत बोलते आहे. तिथल्या एका कामगारानं डब्यातली भाकरी संपवून, हात पुसून, माझ्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, सुखानं नांद." मग मला सुटी सुटी करून खोक्यात भरलं. मोंबासाच्या बंदरात उतरले, ट्रकमधून युगांडात आले, म्बालेच्या एका दुकानात पुन्हा जोडली गेले. आठ दिवसांनी नांदुदूबाई आल्या आणि मला मसाबा डोंगराच्या पायथ्याशी, बुकिमा गावात घेऊन गेल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली.

नांदुदूबाई बुकिमाच्या दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या नर्स आहेत. अंगानं आडव्या, बोलायला फटकळ, हात मात्र लोण्यासारखा मऊ. मागच्या कॅरिअरला त्यांची पत्र्याची पेटी बांधलेली असते. डोंगरावर कॉफीच्या मळ्यांतून जी चिखलाची वाट चढते, ती आम्ही दोघींनी किती वेळा तुडवली असेल कुणास ठाऊक.

तिसऱ्या वर्षी एका दगडानं माझा सायलेन्सर फाडला. वरच्या बुनासेके गावातल्या लोहारानं जुन्या कुदळीचा पत्रा तापवून त्याला ठिगळ मारलं. तेव्हापासून माझा आवाज बदलला. फट्‌फट् फट्‌फट्, आणि मधेच एक टर्रर्र! पहिल्यांदा मला मेलीला लाज वाटायची. पण गंमत बघा, डोंगरावरच्या बायकांनी हा आवाज लक्षात ठेवला. तो कानावर आला की ज्या घरी बाई अडलेली असेल तिथली म्हातारी सुनेला सांगायची, "पाणी ठेव गं चुलीवर, नर्सबाई निघाल्या." आम्ही दारात पोहोचेपर्यंत पाण्याला आधण आलेलं असायचं. मग मला लाज वाटेनाशी झाली. उलट थोडा माजच चढला म्हणा ना.

आमच्याकडे एक रीत आहे. उतार लागला की सगळे गाडी बंद करतात आणि नुसती घरंगळत सोडतात. पेट्रोल वाचतं. नांदुदूबाई मात्र मला उतारावर कधीही बंद करत नाहीत. यावरून गिदुदू त्यांना फार चिडवायचा.

हा गिदुदू म्हणजे त्यांचा शाळेतला वर्गमित्र. मळ्यामळ्यांतून कॉफी गोळा करणारा व्यापारी, उंच, हसरा आणि गप्पांत कुणाला हार न जाणारा. त्याच्याकडेही माझ्यासारखीच लाल गाडी, त्याच वर्षीची. आम्हा दोघींना शेजारी उभं केलं तर सख्ख्या बहिणी वाटायचो. फरक सीटच्या कव्हरचा. माझं निळं, तिचं बिबट्याच्या ठिपक्यांचं. शिवाय गिदुदूच्या गळ्यात कायम रेडिओ लटकलेला, आणि तो कायम मोठ्यानं चालू.

दर रविवारी चर्च सुटलं की दवाखान्यामागच्या झऱ्यावर सगळे आपापल्या गाड्या धुवायला जमायचे. गाड्या धुणं हे निमित्त. खरं काम म्हणजे माझी गाडी तुझ्या गाडीपेक्षा कशी बरी, हे सांगणं. मफाबी मास्तरांची गाडी उंच, जपानी, रुबाबदार. तिचा घोट मात्र मोठा.

"मास्तर, तुमची गाडी पेट्रोल पिते का अंघोळ करते त्यानं?" गिदुदू विचारायचा.

"पिते, पण चढावर तुझ्या गाडीसारखी उतरून ढकलावी लागत नाही," मास्तर शांतपणे फडकं पिळत म्हणायचे.

मागच्या महिन्यातल्या त्या रविवारीही असंच चाललं होतं. सगळ्यांनी सीटची कव्हरं काढून दगडांवर वाळत टाकली होती, नांदुदूबाईंची पेटीही उतरवून ठेवली होती.

"माझी गाडी म्हणजे माझी गाडी!" गिदुदू छाती ठोकून म्हणाला. "डोळे बांधा माझे. नुसता आवाज ऐकून ओळखीन."

"रेडिओ बंद केलास तर ऐकशील ना," नांदुदूबाई म्हणाल्या. "आणि एवढी गुणाची आहे तर मंगळवारी देऊन कशाला टाकतोयस?"

"अगं, गुणाची आहे म्हणूनच तर खाउखा मागतोय! त्याला मक्याच्या गिरणीला इंजिन हवंय. ही त्याला द्यायची, वर कॉफीची पोती द्यायची, आणि त्याची नवी निळी गाडी घेऊन यायचं. सांगाडा भंगारात गेला तरी इंजिन अख्ख्या बुनासेकेला पीठ खायला घालेल."

मी बहिणीकडे पाहिलं. ती बिचारी पाणी निथळत उभी होती.

वाद रंगला. गिदुदू हातवारे करत होता, मास्तर हसत होते, नांदुदूबाई दगडावर बसून पायाचा चिखल काढत होत्या. बोलता बोलता गिदुदू म्हणाला, "बस गं तू, मी चढवतो तुझं कव्हर." आणि मित्रांनो, त्या भल्या माणसानं बोलण्याच्या नादात बिबट्याचे ठिपके माझ्यावर चढवले आणि माझं निळं कव्हर बहिणीवर! नंबरांच्या पाट्या दोघींच्याही पुसलेल्या. आमच्या जातीच्या गाड्यांच्या किल्ल्या जुन्या झाल्या की इतक्या झिजतात की एकीची दुसरीला सहज लागते. त्यानं पेटीही उचलून बहिणीला बांधली, रेडिओचा आवाज वाढवला, किक मारली आणि मला घेऊन निघाला. नांदुदूबाईंचं घर झऱ्याला लागूनच. त्यांनी बहिणीला सुरूसुद्धा न करता हातानंच ढकलत नेलं.

अरे, ही मी आहे, मी! असं मला ओरडावंसं वाटलं. पण इंजिनाला फक्त फट्‌फट् करता येतं, आणि ती रेडिओखाली दबून गेली.

सोमवारी त्यानं मला चार मळ्यांत फिरवलं. चढावर मी एकदाही दम टाकला नाही, आणि तो माझ्यावर भलताच खूश झाला. "बघा, एका अंघोळीत कशी तरणी झाली!" जो भेटेल त्याला सांगत सुटला. उतारावर मात्र मला बंद करून सोडायचा. इतक्या वर्षांत मी अशी मुक्यानं कधी उतरले नव्हते. फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे रात्री तो बायकोला म्हणाला, "एवढी चांगली चालतेय, द्यावीशी वाटत नाही गं. पण शब्द दिलाय खाउखाला."

म्हणजे मंगळवारी माझं इंजिन निघणार होतं. गिरणी काही वाईट नाही हो, लोकांच्या पोटाचं काम आहे. पण मला माझं काम हवं होतं, माझी मालकीण हवी होती. आणि एक गोष्ट मनाला टोचत होती. नांदुदूबाईंना अजून कसं कळलं नाही? मला कुठं माहीत होतं की सोमवारी त्या दिवसभर दवाखान्यातच होत्या आणि गाडीला त्यांनी हातही लावला नव्हता.

मंगळवारी सकाळी गिदुदूनं मला पुसलं, रेडिओ लावला आणि आम्ही बुनासेकेची वाट चढू लागलो. वाटेत त्याच्या फोनची बत्ती लागली. नांदुदूबाईंचं नाव दिसलं. "आली चिडवायला," असं म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. तो परत परत थरथरत राहिला आणि हा गात राहिला.

पहिल्या घरापाशी एक बाई दार उघडून बाहेर आली. दुसऱ्या घराच्या छपरातून धूर निघाला. तिसऱ्या घरातून दोन बायका धावत कुंपणाशी आल्या. गिदुदूला वाटलं, त्याची जुनी गाडी कशी पळतेय ते बघायलाच सगळं गाव लोटलंय. तो ऐटीत हात हलवत चालला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

शेवटच्या वळणावर म्हातारी नागुदी फाटक सताड उघडून उभी होती. तिची सून खाइन्झा पहाटेपासून अडली होती आणि मुलगा नर्सबाईंना आणायला पायी खाली गेला होता. अंगणातल्या चुलीवर पाणी खदखदत होतं. म्हातारी थेट वाटेच्या मधोमध आली.

"नर्सबाई कुठं आहेत?"

"कोण नर्सबाई?" गिदुदू म्हणाला. "आजी, बाजूला व्हा, मला खाउखाकडे जायचंय."

"मेल्या, आधी तो रेडिओ बंद कर! गाडी नर्सबाईंची आणि वर बसलायस तू? त्यांना कुठं टाकून आलास?"

"ही माझी गाडी आहे, आजी. दहा-अकरा वर्षं चालवतोय मी."

म्हातारी वाकली आणि काठीनं माझ्या सायलेन्सरवर ठकठक केलं. "हे ठिगळ माझ्या दिरानं मारलंय, आमच्या कुदळीचं. मलाच शिकवतोस होय?"

गिदुदूनं रेडिओ बंद केला. आणि तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा ऐकलं. फट्‌फट् फट्‌फट्, टर्रर्र. त्याचा चेहरा असा पडला की माझा सगळा राग तिथंच विरघळला. आतून खाइन्झाचं कण्हणं ऐकू आलं. त्यानं घाईघाईनं फोन लावला.

"अरे गाढवा!" नांदुदूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "दहा वेळा फोन केला! तुझी गाडी आहे की निसटलेला भोपळा? ब्रेकच नाही तिला! किक मारल्या मारल्या कळलं की ही माझी नव्हे, म्हणून तुला गाठायला निघाले तर दवाखान्याखालच्या उतारावर थांबेचना. कुंपणात घातली म्हणून वाचले. धूड तिथंच सोडलंय, नागुदीचा मुलगा भेटलाय, पेटी त्याच्या डोक्यावर आहे आणि मी चालत निघालेय. पण दोन तास लागतील रे, दोन तास!"

किक मारल्या मारल्या! मित्रांनो, मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"आहेस तिथंच थांब, आलोच," म्हणत गिदुदूनं मला वळवलं. समोर उतार. सवयीनं त्याचा हात किल्लीकडे गेला.

"बंद करू नकोस!" म्हातारी मागून ओरडली. "चालू राहू दे! आत पोरगी ऐकतेय!"

त्याचा हात तिथंच थांबला. मग तो मला पहिल्या गिअरमध्ये, चालू ठेवून, डोंगर उतरू लागला. इतकं जपून मला त्यानं कधी चालवलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर नांदुदूबाई भेटल्या. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं आता त्याला फाडून खातील. त्या एवढंच म्हणाल्या, "सरक मागे. पेटी मांडीवर घे." मग त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला, क्लच धरला, आणि मी घरी आले.

चढाला मी जीव लावला. फट्‌फट् फट्‌फट्, टर्रर्र. घराघरांतून बायका बाहेर आल्या, आणि या वेळी पुढं कोण बसलंय ते बघून निवांत आत गेल्या. दुपारच्या आधी खाइन्झाला मुलगी झाली. म्हातारी नागुदीनं शेंगदाण्याच्या रश्शातले बांबूचे कोंब आणि वाफाळती उकडलेली केळी वाढली. गिदुदूलाही वाढली, शिव्या देत देत. नंतर पोरगी त्याच्या हातात दिली, तेव्हा त्यानं आधी गळ्यातला रेडिओ पाठीकडे सरकवला.

खाली आल्यावर तो आपल्या गाडीपाशी गेला. ती अजून कुंपणात तिरकी अडकलेली होती. त्यानं ती सरळ केली, किक मारली आणि रेडिओ न लावता नुसता ऐकत बसला. "हिचा आवाज जरा खर्जातला आहे नाही?" तो नांदुदूबाईंना म्हणाला. "इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं." संध्याकाळी त्यानं खाउखाला निरोप धाडला की गिरणीला दुसरं इंजिन बघ. शब्द मोडला म्हणून खाउखा चार दिवस फुगून बसला, मग गिदुदूनं कॉफीची पिशवी नेऊन दिली तेव्हा हसला. बहिणीला नवे ब्रेक बसले. झऱ्यावर आता वाद होतात ते आधीसारखेच, फक्त मास्तर मधूनच विचारतात, "बांधायचे का रे डोळे?" आणि गिदुदू कान पकडतो.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी उभी असेल. तिला धुवा, तेलपाणी करा, ब्रेक वेळेवर बघा, हे तर मी सांगणारच. पण तिचं कौतुक जगाला सांगण्याआधी एकदा तरी गप्प बसून तिचं ऐका. ती बिचारी रोज काही ना काही सांगत असते. आपल्यालाच ऐकायला वेळ नसतो.

बरं, आता पुरे. नांदुदूबाई पेटी घेऊन आल्या, वरच्या अंगाला कुणाचा तरी निरोप आलाय. मी निघते. तुमचं घर त्या वाटेवर असेल तर एवढं करा, चुलीवर पाणी ठेवा.