सोमवारी चालणारा कॉम्प्युटर

कोल्हापुरात उद्यमनगराच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, पिछाडीला मुलींचं एक हायस्कूल होतं. सत्त्याऐंशी साली तिथं कॉम्प्युटर आला, तेव्हा तो बघायला निम्मी गल्ली लोटली होती. शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीनं तो मुंबईहून पाठवला होता. मुख्याध्यापिका शालूबाई सरनोबत यांनी भूगोलाची खोली रिकामी करवली, खिडक्यांना पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि यंत्र सोपवलं विज्ञानाच्या नजीरा बारगीर यांच्याकडं. नजीरा पुण्याला जाऊन त्याचं शिक्षण घेऊन आली होती. बारगीरांच्या घरात पदवी मिळवणारी ती पहिली आणि अख्ख्या शाळेत कॉम्प्युटर चालवता येणारी एकटीच. भूगोलाच्या खोलीकडं जाताना तिची मान ताठ असायची, ती काही उगीच नव्हे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि यंत्रानं मोडता घातला. बटण दाबलं की आतला पंखा घुमायचा, काळ्या पडद्यावर हिरवे आकडे भराभर चढायचे, फ्लॉपीचा लाल दिवा लागायचा आणि आता पुढं काहीतरी उमटणार म्हणेपर्यंत पडदा विझायचा. परत पंखा, परत आकडे, परत अंधार. पोरी आधी हसल्या, मग जांभया देऊ लागल्या.

नजीरानं हात टेकले नाहीत. तिनं फ्लॉपी बदलून पाहिली. वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. झाकण उघडून आतली धूळ झटकली, सर्किटच्या पट्ट्यांची पितळी टोकं खोडरबरानं घासली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पाहायचं; प्रयोगशाळेत ती मुलींना हेच शिकवायची. पण कधी यंत्र आकड्यांपाशी अडायचं, कधी त्याच्याही अलीकडं, आणि एखाद्या दिवशी चक्क सुरळीत चालायचं. आजाराचं एक लक्षण धरावं, तर दुसऱ्या दिवशी दुसरंच.

शेवटी शालूबाईंनी पुण्याहून इंजिनिअर बोलावला. तो गुरुवारी आला. तरुण होता, कामाला चोख होता. दुपारभर खपला, सोबत आणलेले सुटे भाग लावून पाहिले आणि घाम पुसत म्हणाला, "मुख्य बोर्डच गेलेला दिसतोय. यंत्र पुण्याला न्यावं लागेल."

"परत कधी येईल?" शालूबाईंनी विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता येणार."

पुढच्या शनिवारी टेम्पो घेऊन येतो, असं सांगून तो गेला. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, "झेपत नाही ते घ्यावंच कशाला माणसानं." नजीरासमोर वह्यांचा गठ्ठा होता. तिनं पुढची वही उघडली, पण त्या दिवशी तिला डबा गोड लागला नाही.

सोमवारी ती यंत्र खोक्यात भरायला गेली. मदतीला शाळेचा शिपाई केरबा होता. गुंडाळायच्या आधी एकदा, म्हणून तिनं बटण दाबलं. पंखा घुमला, आकडे चढले, लाल दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. नजीरा बघतच राहिली. तिनं बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. यंत्र ठणठणीत.

केरबा मात्र जराही चकित झाला नव्हता. "बाई, ह्येला सोमवार पावतोय बगा. मागल्या सोमवारीबी चालूच झालतं की. तुमी आठवी ब च्या पोरींस्नी शिकवत हुता."

नजीराला हसू आलं, पण ते ओठांवरच थांबलं. ती तडक आठवी ब च्या वर्गावर गेली. "तुमच्या तासाला कॉम्प्युटर कधी बंद पडला होता?"

मुली एकमेकींकडं बघू लागल्या. एक उठून म्हणाली, "आमच्या तासाला कधीच नाही, बाई. बाकीच्या वर्गातल्या मुली उगीचच सांगतात, असं वाटायचं आम्हाला."

आठवी ब चा तास फक्त सोमवारी असे. आणि खरंच, त्याच मुली इतरांच्या चार धडे पुढं होत्या. नजीराला वाटलं होतं, हा वर्गच हुशार आहे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा थोरला भाऊ दिलदार लुंगी गुंडाळून उंबऱ्यावर बसला होता आणि आतून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. दिलदार उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होता. सोमवारी त्याची सुट्टी, म्हणून घरात मटण सोमवारी. इतक्या वर्षांत हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तिनं त्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"भाई, सोमवारी तुमचा एकटाच कारखाना बंद असतो, की सगळे?"

"सगळं उद्यमनगर बंद असतंय की. तुला ठावं न्हाय व्हय?"

"आणि आमच्या शाळेच्या भिंतीला लागून आहे तो?"

"त्यो पत्रा दाबायच्या प्रेसचा? दिवाळीपास्नं नवी प्रेस बसवलीया त्येनं. हत्तीगत हाय. ती सुरू झाली की आमच्याकडचं दिवंसुदिक मिचमिचत्यात."

त्या दिवशी नजीरानं दोन वाट्या रस्सा जास्त घेतला.

मंगळवारी तिनं प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर भूगोलाच्या खोलीत आणून लावला आणि शालूबाईंना बोलावलं.

"अहो, मी टेम्पोला हो म्हणून बसलेय," शालूबाई म्हणाल्या.

"टेम्पो येऊ दे, बाई. आधी हा काटा बघा."

दोघी काट्याकडं पाहत उभ्या राहिल्या. काटा आधीच जिथं हवा त्याच्या खाली होता. कॉम्प्युटरवर आकडे चढत होते. भिंतीपलीकडं प्रेसनं धाडकन आवाज दिला, काटा आणखी खाली घसरला आणि पडदा विझला. शालूबाईंनी चष्मा वर सरकवला. "पुन्हा दाखवा." नजीरानं पुन्हा दाखवलं. मग पुन्हा.

"म्हणजे यंत्राला काहीच झालेलं नाही?"

"काही नाही झालेलं. उपाशी आहे बिचारं. वीज पुरत नाही."

वीज मंडळाकडं शाळेसाठी वेगळी लाइन मागायची, तर अर्ज आज आणि लाइन पुढच्या वर्षी. नजीरानं त्याच संध्याकाळी दिलदारला घेऊन उद्यमनगर गाठलं. तिथं गणपतराव म्हणून एक जुने कारागीर होते. विजेच्या मोटारींची तार गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नजीरानं कागदावर आकृती काढून दाखवली. बाहेरून वीज कितीही कमी आली तरी यंत्राला एकसारखी मिळाली पाहिजे आणि काटा खाली जायला लागला की क्षणात सावरला पाहिजे, एवढं तिचं मागणं. गणपतरावांनी दोन प्रश्न विचारले. दोन्ही मोलाचे होते, कारण एकाच्या उत्तरासाठी नजीराला आकृती बदलावी लागली.

"पुण्याला कशापायी न्यायचं त्ये?" ते म्हणाले. "कोल्हापुराला काय हात न्हाईत?"

शुक्रवारी स्टॅबिलायझर तयार झाला. लोखंडी पेटी, वर हिरवा रंग, रंग अजून ओलाच.

शनिवारी सकाळी टेम्पो फाटकाशी उभा राहिला. इंजिनिअर आत आला तेव्हा खोलीत शालूबाई होत्या, केरबा होता, खिडकीला आठवी अ च्या मुली लोंबत होत्या, आणि पेटी खांद्यावरून आणून देणारा दिलदार दाराबाहेर चपला काढून उभा होता. नजीरा भिंतीपलीकडच्या आवाजाची वाट पाहत थांबली होती. प्रेस सुरू झाली. धाड, धाड. मगच तिनं बटण दाबलं.

आकडे चढले. लाल दिवा लागला. हिरव्या पेटीत टक् असा आवाज झाला. पडदा तसाच उजळ राहिला आणि त्याच्यावर अक्षरं उमटली. भिंत हादरत होती, खिडकीच्या काचा वाजत होत्या, पण अक्षरं जागची हलली नाहीत.

इंजिनिअरनं खाली बसून पेटी सगळ्या बाजूंनी पाहिली, मीटर पाहिला. मग तो मोकळेपणानं म्हणाला, "वीज मी आधी मोजायला हवी होती, मॅडम."

"तुम्ही गुरुवारी आलात म्हणून असं झालं," नजीरा म्हणाली. "सोमवारी आला असतात, तर यंत्राला काही झालेलंच नाही म्हणून परत गेला असतात."

केरबानं त्याच्यापुढं चहा ठेवला. "घ्या पावणं. टेम्पो रिकामा जाऊंद्या."

शालूबाई दाराकडं वळल्या. "हे कोण? आत या की."

"तुमच्या बारगीर बाई हाईत न्हवं," दिलदार म्हणाला आणि त्यानं छाती जरा पुढं काढली, "त्यांचा भाऊ मी." आत मात्र तो आला नाही, कपड्यांना तेल आहे म्हणाला.

शाळा सुटल्यावर भाऊ-बहीण उद्यमनगरातूनच घरी निघाले. खबर त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती. एका दारातून लेथवरचा माणूस ओरडला, "चाललं का वो बाई?" पुढच्या दारातून दुसऱ्यानं तेच विचारलं. त्यानंतर तिसऱ्यानं. नजीरा प्रत्येक दाराशी थांबली आणि प्रत्येकाला, गोंगाटावर आवाज चढवून, सांगत गेली, "चाललं."